भेटीचे कारण : काटा तपासणे

"मी येऊन बघतो," एवढे तीन शब्द तोंडातून काढायला काटेसाहेबांना दीड वर्ष लागले, आणि तेसुद्धा निघाले एका काट्याच्या निमित्ताने.

रविवारचा फोन चालू होता. परदेशातून बेकरीवाल्या बाई नेहमीसारखी आठवड्याची हकीकत सांगत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "तीन वर्षांचा नवा करार पुढे आलाय. पुढल्या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सही करायची की नाही ते सांगायचंय. काय करू?" आता या प्रश्नाला शहाण्या माणसाने काय उत्तर द्यावे ते तुम्हाआम्हाला कळते. काटेसाहेब म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." हे वाक्य त्यांनी नोकरीत शेकडो दुकानदारांना ऐकवले होते आणि त्याचा अर्थ 'मुकाट्याने दंड भरा' असा असे. मग बाई म्हणाल्या, "बरं. आणि इथला काटा काही खरा दिसत नाही हो. एक पाव जड, एक हलका. मालक म्हणतो, तुमचाच हात चुकतो." काट्यात दोष आहे म्हटल्यावर साहेबांची पाठ आपोआप ताठ झाली आणि ते तीन शब्द बाहेर पडले.

काटे हे त्यांचे आडनाव नव्हे. वजनमापे खात्यात एकतीस वर्षे निरीक्षक म्हणून काढल्यावर बाजारपेठेने त्यांना ते बहाल केले होते. ते दारात दिसले की दुकानदार घाईघाईने वजने पुसायला लागायचे. कोणाचा चहा त्यांनी घेतला नाही, कोणाची सबब ऐकली नाही. निवृत्तीच्या थोडे आधी, दोन गल्ल्या पलीकडच्या, या बाईंच्या बेकरीत त्यांना किलोमागे दहा ग्रॅम चुकणारा काटा सापडला, आणि तो चुकत होता गिऱ्हाइकाच्या बाजूने. सबंध नोकरीत मालकाच्या विरुद्ध चुकणारा काटा त्यांनी पाहिला तो हा एवढाच. त्यांनी नियमाप्रमाणे नोटीस बजावली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज तिथे पाव घ्यायला लागले. साहेब विधुर, बाई विधवा. गल्लीला जे पहिल्या आठवड्यात कळले ते साहेबांना कळायला पाच वर्षे लागली. तोवर बेकरीची इमारत पाडायला निघाली होती आणि बाई परदेशातल्या एका बेकरीत नोकरी धरून निघूनही गेल्या होत्या.

असो. तर 'येतो' म्हटले आणि कागदपत्रांचे चक्र सुरू झाले. बाईंनी तिकडून निमंत्रणाचा फॉर्म पाठवला. सगळा भरलेला, फक्त एक चौकोन कोरा: पाहुण्याशी नाते. त्याच्या शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते, "हे तुम्ही भरा."

या चौकोनापुढे साहेब तीन दिवस बसून होते. चौथ्या दिवशी तळमजल्यावर राहणारी त्यांची धाकटी बहीण चष्मा विसरला म्हणून वर आली, तेव्हा चौकोन भरला होता.

"दादा," ती कागद डोळ्यांजवळ नेत म्हणाली, "इथे 'ग्राहक' लिहिलंय?"

"मग? पाच वर्षं रोज पाव घेतलाय. पावत्या आहेत."

"पावत्या ठेवल्यास तू?"

"सगळ्या."

बहिणीने कपाळाला हात लावला. "अरे, त्या माउलीनं चौकोन कोरा का ठेवला असेल, काही विचार केलास?"

"वयाच्या पासष्टाव्या वर्षी 'मैत्रीण' लिहू? खात्यातल्या कोणाच्या नजरेला पडलं तर?"

"परदेशी वकिलातीत तुझ्या खात्यातलं कोण बसलंय रे?"

हा मुद्दा बिनतोड होता, त्यामुळे साहेबांनी त्याकडे दुर्लक्ष केले आणि वरच्या मजल्यावरच्या वकिलांचा सल्ला घेतला. वकिलांनी 'ग्राहक' वाचून मान डोलावली. "कायद्यानं निर्दोष आहे," ते म्हणाले. "आता माझं ऐका, साहेब. विचारलं तेवढंच सांगायचं. खोटं बोलायचं नाही, पण खरंही वाढवून सांगायचं नाही. आणि कागद! अधिकारी एक कागद मागेल, तुम्ही चार द्या. माणूस थकतो आणि सोडतो." वकील स्वतः जिल्हा कोर्टाच्या पलीकडे कधी गेले नव्हते, पण त्यांचा आवाज असा होता की त्यांनी आयुष्यभर सरहद्दीच ओलांडल्या असाव्यात.

मग फाईल तयार झाली. चौसष्ट कागद, पानांना क्रमांक, पुढे अनुक्रमणिका. निवृत्तिवेतनाचा आदेश, घरपट्टी, रक्तगट, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा कागद, आणि 'सदर गृहस्थ जिन्यात चपला काढत नाहीत व सर्वांशी नीट वागतात' असा इमारतीच्या चिटणीसांचा दाखला. प्रत्येक पानावर वकिलांनी सही-शिक्का मारून दिला. शिक्का मारताना त्यांचा चेहरा फार समाधानी दिसत होता.

शेवटी जेवणाच्या टेबलावर विमानतळावरच्या चौकशीची रंगीत तालीम झाली. बहीण चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून अधिकारी झाली.

"भेटीचे कारण?"

"काटा तपासणे."

"दादा!"

"खरं सांगायचं ठरलंय ना?"

"अरे, पण खरं कारण ते आहे का?"

साहेब पाण्याचा पेला उगीच इकडचा तिकडे ठेवू लागले. वकिलांनी कौल दिला, "उत्तर छोटं आहे. छोटं उत्तर केव्हाही चांगलं." बहीण चष्मा काढून उठली. जाताना दारातून म्हणाली, "तुला एवढंच सांगते. ती सही झाली ना, तर तीन वर्षं आणखी रविवारचा फोन करत बसशील. आणि मग ती तरी का उचलेल?" त्या दिवशी साहेबांचे जेवणात लक्ष नव्हते.

तीन आठवड्यांनी व्हिसा आला. याचा अर्थ तो अर्ज कोणी वाचला नव्हता, किंवा वाचून हसून हसून शिक्का मारला होता.

साहेबांनी सामान भरले. कपडे दोन जोड, फाईल, आणि खात्याने निरोपसमारंभात दिलेली लाकडी पेटी. आत हिरव्या मखमलीत पितळेची प्रमाण वजने, एक किलोपासून एक ग्रॅमपर्यंत, आणि ती उचलायचा चिमटा. वजन आणि माणूस यांतले काय जास्त जपले पाहिजे असा प्रश्न आला असता, तर साहेबांनी विचार करायला वेळ मागितला असता.

विमान शनिवारी दुपारी उतरले. तपासणीच्या हॉलमध्ये सहा रांगा होत्या. जगातला कुठलाही माणूस अशा वेळी हसऱ्या चेहऱ्याचा अधिकारी शोधतो. साहेबांनी सहाही जणांचे निरीक्षण केले आणि सर्वांत कडक दिसणाऱ्या अधिकारी बाईंची रांग धरली. ढिला निरीक्षक हा खात्याला कलंक, हे त्यांचे मत परदेशातही कायम होते. ती बाई प्रत्येक पासपोर्ट प्रकाशात धरून बघत होती. साहेबांना मनापासून आदर वाटला.

त्यांचा नंबर आला. संभाषण तिसऱ्याच भाषेत सुरू झाले, जी दोघांनीही शाळेत शिकून अर्धी विसरली होती. त्यामुळे वाक्ये छोटी होती.

"भेटीचे कारण?"

"काटा तपासणे."

बाईने मान वर केली. "कसला काटा?"

"वजनाचा. बेकरीतला."

"तुम्ही काटे तपासता?"

"एकतीस वर्षे," साहेब म्हणाले. आवाजात नको तेवढा अभिमान होता.

"साधने बरोबर आहेत?"

"अर्थात! संपूर्ण संच आहे."

"निमंत्रण देणारीशी तुमचे नाते इथे 'ग्राहक' लिहिले आहे. म्हणजे व्यवहार आहे?"

"पाच वर्षांचा. पावत्या आहेत." आणि एक कागद मागितला तर चार द्यायचे या सल्ल्याला जागून त्यांनी सबंध फाईल पुढे केली.

बाईने ती उघडली नाही. पेन खाली ठेवले आणि नुसती बघत राहिली. ही शांतता साहेबांच्या ओळखीची होती. प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचे, समोरचा आपणहून घसरतो. हा डाव त्यांनी स्वतः शेकडो वेळा टाकला होता. डाव ओळखीचा असूनही ते घसरलेच. म्हणाले, "आणि मी पैसे घेत नाही. चहासुद्धा घेत नाही."

अर्ध्या मिनिटात ते एका बिनखिडकीच्या खोलीत होते.

खोलीत टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. थोड्या वेळाने एक जाडजूड वरिष्ठ अधिकारी आले, त्यांच्यामागे ती बाई, आणि तिच्यामागे साहेबांची बॅग घेऊन एक शिपाई. यंत्रातून बॅग जाताना आत ओळीने मांडलेले धातूचे ठोकळे दिसल्याने तिघांचेही चेहरे गंभीर होते. वरिष्ठांनी पेटी काढली, झाकण उघडले आणि एक किलोच्या वजनाकडे दोन बोटे नेली.

"हात लावू नका!" काटेसाहेब ओरडले.

विमानतळावर, धातूच्या गूढ वस्तूकडे हात जात असताना, हे वाक्य ओरडू नये. शिपाई दारापर्यंत मागे गेला. बाईचा हात कमरेच्या पट्ट्याकडे गेला. वरिष्ठ जागच्या जागी गोठले, बोटे हवेत तशीच.

"का?" त्यांनी अगदी हळू विचारले.

"बोटांना घाम असतो. घामानं वजन वाढतं."

"किती?"

"काही मिलिग्रॅम."

वरिष्ठांनी डोळे मिटले आणि खुर्चीत बसले. "तुम्ही," ते म्हणाले, "मिलिग्रॅमसाठी ओरडलात."

"नियम आहे," साहेब म्हणाले. पण आवाज खाली आला होता. चिमटा पुढे करावा असे त्यांच्या मनात आले. सुदैवाने त्यांनी तो केला नाही.

मग वरिष्ठांनी त्यांना समजावून सांगितले, अगदी सभ्यपणे, म्हणून जास्तच लागले. पाहुणा म्हणून येणाऱ्याला इथे कुठलेही काम करता येत नाही. फुकटसुद्धा नाही. साहेबांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले आहे की ते काम करायला आले आहेत, साधने आणली आहेत आणि संबंध व्यवहाराचा आहे. तीन तासांनी परतीचे विमान आहे. त्यात त्यांना बसवावे लागेल.

"साहेब, मी मुद्दाम केलं नाही हो," काटेसाहेब म्हणाले, आणि म्हणताच त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. किती दुकानदारांनी हेच वाक्य याच सुरात त्यांना ऐकवले होते! एकाचेही त्यांनी कधी पुरते ऐकून घेतले नव्हते. आणि बाहेर, दोन भिंतींपलीकडे, बेकरीवाल्या बाई उभ्या असतील. परवा सोमवार. आपण परतीच्या विमानात बसलो तर बाई सही करतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. त्यांनी फाईल उघडली, पाने उलटली. चौसष्ट कागदांत या प्रसंगाला लागू पडेल असा एकही नव्हता.

"निमंत्रण देणाऱ्या बाईंना फोन लावतो," वरिष्ठ म्हणाले. "त्यांचे म्हणणे नोंदवावे लागते."

फोन स्पीकरवर लागला. वरिष्ठ तिथल्या भाषेत बोलले, आणि पलीकडून बेकरीवाल्या बाई त्याच भाषेत सरसर उत्तरे देऊ लागल्या. दीड वर्षात ही बाई इतकी बोलायला शिकली हे साहेबांना माहीतच नव्हते. एक शब्द कळत नव्हता, पण सूर कळत होता. आधी काळजी. मग वरिष्ठांनी फॉर्मवरच्या त्या चौकोनावर बोट ठेवून काहीतरी वाचून दाखवले, आणि फोन गप्प झाला. ही शांतता मात्र डाव नव्हता.

"काय म्हणाल्या?" साहेबांनी विचारले.

"विचारतायत, 'ग्राहक?'"

साहेबांनी खाली बघितले. पलीकडून पुन्हा बोलणे सुरू झाले. आता ते लांब होते, आणि मध्ये मध्ये अडखळत होते. वरिष्ठ ऐकता ऐकता खुर्चीत मागे रेलले. अधिकारी बाईने तोंड भिंतीकडे वळवले.

"त्या म्हणतात," वरिष्ठ म्हणाले, "काटा अगदी बरोबर आहे."

"अशक्य. एक पाव जड, एक हलका—"

"सगळे सारखे आहेत. त्यांनी ते रचून सांगितले होते. कारण दुसरे काहीही सांगितले असते तर हा माणूस आला नसता. असे त्या म्हणतात."

काटेसाहेबांनी आयुष्यात खूप खोटे काटे पकडले होते. खरा काटा खोटा म्हणून त्यांच्या गळ्यात मारणारी ही पहिलीच. आणि आपण तो पडताळणी न करता मान्य केला, याचा धक्का त्यांना क्षणभर परत पाठवणीपेक्षाही मोठा वाटला.

"म्हणजे काम नाहीच," वरिष्ठ पुढे म्हणाले. "तेव्हा काम करण्याचा प्रश्न मिटला. पण आता तुमच्या भेटीला कारणच राहिले नाही. बिनकारणाचा माणूस मी आत कसा सोडू? आणि बाई म्हणतात, काट्यासाठीच आला असेल तर खुशाल परत पाठवा. दुसऱ्या कशासाठी आला असेल तर त्यानं स्वतः सांगावं. मला नाही, त्यांना." त्यांनी फोन टेबलावरून साहेबांच्या पुढे सरकवला.

साहेबांनी फोनकडे पाहिले. घसा साफ केला. शिपाईसुद्धा दारातून जरा पुढे आला होता.

"अहो, ऐकताय ना?" ते मराठीत म्हणाले.

"ऐकतेय."

"मला पाव आवडत नाही."

साहेबांनी फोन जरा जवळ ओढला.

"म्हणजे कधीच आवडला नाही. मला तो पचत नाही. रोज घ्यायचो आणि खालच्या मजल्यावर बहिणीला द्यायचो, ती तिच्या शेजाऱ्यांना द्यायची. मी तुमच्यासाठी यायचो. आता रविवारी फोन ठेवला की सोमवारपासून पुढच्या रविवारी काय सांगायचं ते गोळा करत बसतो. आणि रविवारी त्यातलं काही सांगतच नाही. हवा कशी आहे विचारतो." त्यांचा आवाज फुटला, पण आता थांबले तर पुन्हा दीड वर्ष लागेल हे त्यांनाही ठाऊक होते. "योग्य वाटेल ते करा म्हणालो, ते चुकलं. तुम्ही ती सही करू नका. मला तुमच्याबरोबर राहायचंय. इथे म्हणाल तर इथे, घरी म्हणाल तर घरी. लग्न करून, न करता, तुम्ही ठरवाल तसं."

फोनमधून हुंदका आला की हसू, ते खोलीतल्या कोणालाच सांगता आले नसते.

"काय म्हणालात?" वरिष्ठांनी पेन उघडले. "मला लिहायचे आहे."

साहेबांनी त्या तिसऱ्या भाषेतले आपले सगळे शब्द चाचपले. फार सापडले नाहीत. "मला पाव आवडत नाही," ते म्हणाले. "मला त्या आवडतात."

वरिष्ठांनी पहिले वाक्य सोडून दुसरे लिहून घेतले. "मग 'ग्राहक' खोडायचे?"

"खोडा."

"खाडाखोडीशेजारी सही लागते."

"माहीत आहे," काटेसाहेब म्हणाले, आणि इतक्या आनंदाने केलेली सही त्यांच्या हातून नोकरीत कधी झाली नव्हती. अधिकारी बाईने पासपोर्टावर शिक्का मारला. तो तिरका पडला. साहेबांनी पाहिले आणि एक अक्षर बोलले नाहीत. ते परत जाईपर्यंत पेटी इथेच राहील, आणि तीस दिवस कुठल्याही काट्याला हात लावायचा नाही, असे त्यांना बजावण्यात आले.

"बघितला तर चालेल?" त्यांनी विचारले.

"जा," वरिष्ठ म्हणाले.

बाहेरच्या दरवाजापाशी बाई उभ्या होत्या. कामावरूनच थेट आलेल्या, कोपरावर पीठ राहून गेलेले, डोळे लाल. साहेब ट्रॉली ढकलत समोर येऊन थांबले. दोघांनाही पुढे काय करायचे ते ठाऊक नव्हते.

"ग्राहक," बाई म्हणाल्या.

"खोडलं ते. सही केलीय शेजारी."

"आत बोललात ते सुटण्यासाठी बोललात का?"

"नाही हो."

"मग आता म्हणा. इथे कोणी विचारत नाहीये, कुठलं विमान सुटत नाहीये."

साहेबांनी आजूबाजूला पाहिले. माणसे, बॅगा, कोणाची तरी रडणारी मुले, गळ्यात पडणारे नातेवाईक. त्यांच्या खात्यातले कोणी दिसले नाही. असते तरी आता त्यांना फरक पडला नसता. त्यांनी ते सगळे पुन्हा म्हटले, मराठीत, थोडे चढ्या आवाजात, पावासकट. शेजारची एक म्हातारी थांबून ऐकू लागली आणि तिला एक अक्षर कळत नसताना शेवटी तिने मान डोलावली.

बाईंनी ओढणीने डोळे पुसले. "पाच वर्षं मी तुमच्यासाठी चांगला भाजलेला पाव बाजूला काढून ठेवत होते," त्या म्हणाल्या. "खाल्ला नाहीत एक दिवस?"

"पहिल्या दिवशी खाल्ला होता."

"मग?"

"रात्रभर पोट धरून बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलो."

यावर मात्र त्यांना हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी सांगितले की तीन वर्षांची सही त्या करणार नाहीत. मालकाला दोन महिने देतील, नवीन माणूस तयार करून देतील आणि मग घरी येतील. परवा हे सांगायला जायचे आहे, आणि एकट्याने जायची भीती वाटते. साहेब म्हणाले, मी येतो. यावेळी त्यांना मुळीच वेळ लागला नाही.

बाहेर रस्त्याकडेला बेकरीची लहान गाडी उभी होती. बाईंबरोबर काम करणारी एक उंच मुलगी ती घेऊन आली होती. तिने साहेबांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले आणि त्यांच्याकडे हनुवटीने खूण करून बाईंना तिथल्या भाषेत काहीतरी विचारले. बाईंनी जरा थांबून एका शब्दात उत्तर दिले. मुलगी मोठ्याने ओरडली, गाडीतून उतरली आणि साहेबांचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवू लागली.

"काय सांगितलंत तिला?" साहेबांनी गोंधळून विचारले.

बाई गाडीचे दार उघडत होत्या. कानापर्यंत लाल झाल्या होत्या.

"आमचे हे," त्या म्हणाल्या.